मिठाची मालकीण

कोराडी रोडवरच्या त्या मेसमध्ये कोणी मालक नव्हतं, आणि हा नियम भीमाबाईनंच घालून दिला होता. भीमाबाई, कौसल्या, हर्षा आणि पायल, चौघींचा शब्द सारखा. पायलनं भिंतीवर तसं रंगवलंही होतं: ‘इथे कोणी मोठं नाही, कोणी लहान नाही.’ कांदा बारीक चिरायचा की जाड, यावरही हात वर व्हायचे, आणि तोवर तेल तापून धूर निघायचा. पण भीमाबाईला तेच आवडायचं. आधी त्या चौघी ज्या ठेकेदाराच्या कँटीनमध्ये राबल्या, तिथल्या सिंधूताईचे हात म्हातारपणानं थरथरायला लागले, तेव्हा त्यानं भर दुपारी तिच्या हातातून पळी काढून घेतली होती. “उद्यापासून येऊ नको.” बस्स, एवढंच. भीमाबाई शेजारच्याच चुलीवर होती. ती एक अक्षर बोलली नव्हती, आणि ते तिला अजून टोचायचं.

आता भीमाबाई अडुसष्टची होती, आणि पाच महिन्यांपूर्वीच्या तापात तिच्या जिभेची चव गेली होती. ताप उतरला, चव काही परतली नाही. गूळ काय नि साबण काय, तिला सारखंच. हे तिनं कोणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. चूल सुटली तर तिच्याजवळ उरणार काय? घरी चार भिंती आणि टीव्ही. रोज ती रस्सा तळहातावर घ्यायची, चाटायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, “बरोबर आहे.” मीठ मात्र भीत भीत टाकायची, कारण जास्त पडलेलं काढता येत नाही. पाच महिन्यांत एक तक्रार आली नव्हती. जीभ गेली तरी हात शाबूत आहे, असं म्हणत ती मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायची.

एका गुरुवारी बऱ्याच महिन्यांनी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा ठरला, म्हणून साठाचे ऐंशी डबे झाले. त्या गुरुवारी डबे वीजकेंद्रावर गेले आणि पाऊण वाजता फोन आला. फिटर प्रेमानंद, रोजचं गिऱ्हाईक, अगदी मऊ बोलणारा माणूस.

“आजी, रागावू नका, पण आजचा रस्सा खाल्ला नाही जात. कोणालेच नाही. लई खारट झाला.”

भीमाबाई तांदळाच्या पोत्यावर मटकन बसली. तरी तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते हेच: “आधी पिठलं टाका वं, लोक उपाशी आहेत.” हर्षा स्कूटीवरून पिठल्याचे डबे पोचवून परत येईपर्यंत ती तिथंच बसून होती. मग तिनं तिघींना समोर बसवलं.

“मले चव कळत नाही, पोरीहो. पाच महिने झाले. आज माझ्या हातानं अन्न वाया गेलं. उद्यापासून मी येत नाही.”

आपण त्या ठेकेदाराचंच वाक्य स्वतःला ऐकवलं, हे तिला बोलल्यावर कळलं.

कौसल्या पदराशी चाळा करत होती. “मावशी, ते मीठ तुम्ही नाही, मी टाकलं. तुम्ही हात धुवाले गेल्या तेव्हा.”

हर्षा चमकली. “तू? अवं, मी टाकलं ना!”

पायल खाली बघत म्हणाली, “मी पण.”

“काहून?” भीमाबाईनं विचारलं.

“रोज अळणी होते ना, आजी,” पायल रडवेली झाली. “एरवी तुमच्यापाशी एकच जण राहते, तीच गुपचूप मीठ टाकते. आज डबे जास्त, तर तिघीही होतो. मले वाटे, मलेच माहीत आहे.”

तिघींनाही तसंच वाटत होतं. सात सुगरणी आणि भाजी अळणी, असं जुनी माणसं म्हणतात. इथं तिघींनी ती खारट करून दाखवली, आणि तीही मायेपोटी. हर्षाला हसू आवरेना. भीमाबाईला मात्र आधी लाज वाटली. ज्या हाताचा तिनं एवढा तोरा मिरवला, तो हात या पोरींचा होता. आणि मग तिचे डोळे भरून आले. सिंधूताईसाठी तिला एक दिवस जे जमलं नव्हतं, ते या तिघींनी पाच महिने केलं होतं.

“मले सांगाचं तरी,” ती म्हणाली.

“सांगणार कोण, मावशी? आपल्यात तर कोणी मोठं नाही,” कौसल्या म्हणाली.

भीमाबाईनं भिंतीकडे पाहिलं. अक्षरं चांगली होती, ती पुसायचं तिच्या मनातही आलं नाही. पण मिठाला भिंतीवरचा नियम कसा चालेल?

“मंग एकीले मोठं करा. मिठापुरतं. चूल माझी, मीठ तिचं. तिनं हो म्हटल्याबिगर चुलीवरचा गंज खाली उतरणार नाही.” आणि तिनं सर्वांत धाकट्या पायलकडे बोट दाखवलं.

“मी? तुमच्यावर हुकूम करू?”

“कर वं. अळणी आहे त अळणी म्हण. नाहीतर मले घरी बसव.”

तीन हात वर झाले. चौथा पायलचा होता. तो सगळ्यांत शेवटी आणि अर्धाच वर झाला.

दुसऱ्या दिवशी वांग्याची भाजी होती. भीमाबाईनं पळी पायलपुढे धरली आणि वाट बघत उभी राहिली. पायलनं तळहातावर थेंब घेतला, चाटला.

“अजून अर्धी मूठ,” ती गंजाकडे बघतच म्हणाली.

भीमाबाईनं मुकाट्यानं अर्धी मूठ टाकली. पायलनं पुन्हा चाखलं, मान डोलावली, आणि आजीच्या तळहातावरही थेंबभर रस्सा सोडला. “कसं आहे, आजी?”

भीमाबाईनं चाटलं, डोळे मिटले. पाच महिन्यांचं ‘बरोबर आहे’ ओठांपर्यंत आलं होतं.

“गरम आहे,” ती म्हणाली. “बाकी तू सांग.”