यादीतला एक नंबर

मी पाळक झालो, पण माझा उतावळेपणा काही गेला नाही. नाताळाआधीचा आगमनकाळ म्हणजे धीरानं वाट पाहायचा काळ, असं मी रविवारी सगळ्यांना सांगतो आणि सोमवारपासून स्वतःच घड्याळ बघत हिंडतो. यंदा तर हद्द झाली. ही माझी पहिलीच मंडळी, राजूर रोडच्या फाट्यावरून तीन किलोमीटर आत, तेवीस घरांची. त्या शनिवारी संध्याकाळी आमची नाताळची गाणी घरोघर निघायची होती. पहाटे पाचला उठून मी झांजा पुसत बसलो.

"काल रात्रीच पुसल्यात तुम्ही त्या," प्रीती, माझी बायको, चहा टाकता टाकता म्हणाली. "आता भोक पडेल त्यांना."

मी लक्ष दिलं नाही. गेल्या रविवारी उपासनेत मी खड्या आवाजात जाहीर केलं होतं, "गाणी दिवेलागणीला पुंजारामबाबांच्या घरून निघतील!" मंडळीचे चिटणीस सर्जेराव यांनी यंदाची घरांची यादी करून चर्चच्या कपाटात ठेवली होती. तिच्यात एक नंबरला तेच नाव होतं. सर्जेराव त्या दिवशी कामावर होते, म्हणून मीच वाचून दाखवलं. वाचल्यावर चर्चमध्ये एकदम शांतता पसरली. मला वाटलं, माझ्या आवाजाचा प्रभाव.

सकाळी आठ वाजता चर्च झाडणाऱ्या साखराबाईंनी तो प्रभाव उतरवला.

"पाळकसाहेब, पुंजारामाकडं खरंच जायाचं हाय का?" खराटा भिंतीला टेकवत त्या म्हणाल्या. "मंग सर्जेरावाचा अन् त्याचा समेट झाला म्हना."

"कसला समेट?"

त्यांनी कपाळावर हात मारला आणि मला पायरीवर बसवून सगळं सांगितलं. पुंजारामबाबा पूर्वी दरवर्षी कामट्या आणि पतंगी कागदाचा पुरुषभर उंच तारा करायचे. गाण्यांच्या संध्याकाळी तो तारा त्यांच्या अंगणातून निघायचा, मागून मंडळी गात गात सगळी घरं करायची आणि शेवटी तारा चर्चवर चढायचा. अकरा वर्षांपूर्वी सर्जेरावांनी हौसेनं जालन्याहून लुकलुकणारा रेडीमेड तारा आणला आणि कुणाला न विचारता आदल्या दिवशीच चर्चवर टांगला. पुंजारामबाबांनी तो पाहिला, आपला अर्धा झालेला तारा गोठ्याच्या पत्र्यावर नेऊन टाकला आणि त्यानंतर चर्चची पायरी चढले नाहीत. घरचे येतात, ते येत नाहीत. समजूत काढायला कुणी गेलं नाही, कारण दुसरा कुणीतरी जाईल असं प्रत्येकालाच वाटलं.

"मग मला रविवारीच सांगायचं ना!" मी भडकलो.

"त्याची सून समोर बसल्ती, कसं सांगावं? अन् आमाला वाटलं, नवे पाळक हायेत, जाऊन मिटवून आले आसतील."

माझे कान गरम झाले. आत्ताच्या आत्ता जाऊन खरं काय ते सांगून टाकायचं ठरवून मी मोटारसायकलला किक मारली.

पुंजारामबाबांचं अंगण ताजं सारवलेलं होतं. त्यांची सून शिवकन्या करंज्या तळत होती आणि मला पाहून तिनं हसून पदर सावरला. अंगणाच्या मधोमध, पोत्यावर, कामट्यांच्या पसाऱ्यात बाबा बसले होते. भोवती लाल, पिवळा, जांभळा कागद आणि पातेल्यात कणकेची खळ.

"सलाम, पाळकसाहेब. बसा, पन कागदावर न्हाई."

त्यांचे डोळे सहलीला निघालेल्या पोरासारखे होते. ताऱ्याची चार टोकं बांधून झाली होती. पाचवं मोकळं होतं.

"अकरा वर्षं दर नाताळाला वाटायचं, औंदा बोलावतील," ते म्हणाले. "येकदाचं बोलावलं. सर्जेरावानंच घेतलं आसंल माझं नाव, न्हाई का?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि शिवकन्येनं पुढं केलेली करंजी त्यात टाकली.

"ते पाचवं टोक मी ओढून धरू का?" मी विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"तुमचं काम न्हाई ते. सर्ज्या धरंल. सात वर्षांचा व्हता तवापासून त्योच धरत आल्ता. यील ना त्यो?"

"येतील," मी म्हणालो.

पाळकानं खोटं बोलावं, तेही आगमनकाळात, तेही दुसऱ्याची करंजी खात! परत फिरताना मी स्वतःला इतकं बोललो की रस्त्यातली म्हैससुद्धा वळून बघायला लागली. आता एकच उपाय होता. मी तसाच जालना एमआयडीसीकडे निघालो.

सर्जेराव बियाण्यांच्या एका प्लांटमध्ये कामाला आहेत. तीनला शिफ्ट सुटली. टेम्पो आणि मोटारसायकलींच्या गर्दीत गेटमधून ते बाहेर आले, मला पाहिलं आणि गाडी उलट्या बाजूला वळवायला लागले. मी पळत जाऊन हँडल धरलं.

"मला ठावं हाय," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "रविवारपासून झोप न्हाई. मी येनार न्हाई, साहेब. ढोलकी माझ्या घरून घिऊन जा, दुसऱ्या कुणाला बी वाजवू द्या."

"ते तुमची वाट बघत बसलेत! ताऱ्याचं पाचवं टोक तुमच्यासाठी मोकळं सोडलंय त्यांनी!"

त्यांचा चेहरा पडला, पण मान नकारार्थीच हलली. माझा तोल गेला.

"मग यादीत एक नंबरला त्यांचं नाव कशाला लिहिलंत?" मी एवढ्यानं ओरडलो की वॉचमन खुर्चीवरून उठला. "जायचंच नव्हतं तर लिहायचं कशाला?"

"दर साली लिहितो," सर्जेराव हळू आवाजात म्हणाले. "ते नाव गाळवत न्हाई. लिहितो, अन् दोनपासून सुरू करतो. आधीच्या पाळकांना म्हाईत व्हतं."

"एवढं होतं तर जाऊन बोलला का नाहीत?"

"अन् त्यानं दार लावलं आसतं तर? मंग लिहायचं बी बंद करावं लागलं आसतं."

त्यांनी हळूच हँडलवरचा माझा हात बाजूला केला आणि ते निघून गेले.

गावात पोचलो तो थेट चर्चच्या कपाटाशी गेलो. सगळे खण उपसले. जुन्या हजेरीपटांखाली, सुतळीनं बांधलेल्या, मागच्या अकरा वर्षांच्या याद्या सापडल्या. एकाच वळणाचं अक्षर. प्रत्येकीत एक नंबरला पुंजारामबाबा. गाणी झालेल्या घरापुढं निळ्या शाईची बरोबरची खूण, दोन नंबरपासून शेवटपर्यंत, न चुकता. एक नंबरपुढं काहीच नाही. यंदाची यादी वर ठेवून मी गठ्ठा बगलेत मारला आणि झांजा घ्यायला विसरलो.

दिवेलागणीला पुंजारामबाबांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या प्रवचनाला कधी एवढी माणसं आली नाहीत. पेटी आली, प्रीती माझ्या विसरलेल्या झांजा घेऊन आली, साखराबाई नवं लुगडं नेसून आल्या. ढोलकी आणायला मी माणूस पाठवला होता, तो हात हलवत परत आला. सर्जेराव घरी नव्हते आणि ढोलकीही नव्हती. बाबा ताऱ्याजवळ बसून दाराकडं बघत होते. पाचवं टोक तसंच लोंबत होतं.

आता लपवणं शक्य नव्हतं. मी त्यांच्यापुढं मांडी घातली.

"बाबा, माझी चूक झाली. तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. मी यादी वाचली आणि न विचारता जाहीर करून टाकलं. सकाळीही मी खोटं बोललो. मला माफ करा."

कढईपाशी बसलेली शिवकन्या थांबली. बाबांच्या हातातली सुतळी खाली पडली.

"म्हंजे कुनी बोलावलं न्हाई," ते म्हणाले.

"तोंडानं नाही. पण हे बघा." मी गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला.

शिवकन्येनं चष्मा आणून दिला. बाबांनी एक यादी पाहिली, दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. मग सगळ्या याद्या पोत्यावर एकीखाली एक मांडल्या आणि प्रत्येकीतल्या पहिल्या ओळीवर बोट ठेवत गेले.

"अक्षर सर्ज्याचं हाय," ते म्हणाले. "ह्या बी साली. ह्या बी." मग त्यांनी मान वर केली आणि मोठ्यानं विचारलं, "सर्ज्या, कुंपनाच्या आड कवापासून उभा हाय?"

आम्ही सगळे गर्रकन वळलो. कुंपणापलीकडं कंपनीच्या कपड्यांतच, गळ्यात ढोलकी अडकवून सर्जेराव उभे होते.

"बराच येळ झाला, दादा," ते म्हणाले. "चुकलो मी तवा. तुमाला इचारायला पायजे व्हतं."

"बिलकुल पायजे व्हतं!" बाबा कडाडले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "आता उभा काय राह्यला? जल्दी ये, टोक धर. खळ वाळून राह्यली."

सर्जेरावांनी आत येता येता ढोलकी काढून माझ्या गळ्यात घातली. मला ढोलकी येत नाही हे साऱ्या गावाला माहीत आहे, पण त्या क्षणी मी ती अशी बडवली की साखराबाईंनी कानावर हात ठेवले. पोत्यावर गुडघे टेकून सर्जेरावांनी पाचवं टोक ओढून धरलं, बाबांनी गाठ मारली, कागद चिकटला. आत दिवा लागला आणि काठीला बांधलेला तारा चौघांनी मिळून उचलला. पेटी सुरू झाली आणि त्या अंगणात अकरा वर्षांनी गाणं झालं. ते इतकं बेसूर आणि इतकं मोठं झालं की माझं सगळं अंग शहारलं.

गाणं संपल्यावर बाबांनी यंदाची यादी उचलली आणि माझ्या खिशातलं पेन काढून सर्जेरावांपुढं धरलं.

"खूण कर," ते म्हणाले.

सर्जेरावांनी एक नंबरपुढं खूण केली. बाबांनी ती चष्म्यातून नीट बघितली, चपला पायात घातल्या आणि ताऱ्याच्या काठीचं एक टोक खांद्यावर घेतलं.

"चला, दोन नंबर," ते म्हणाले. "लई उशीर झाला."