शेजाऱ्याच्या रानात काय आहे?

नकाशावर एक निळा ठिपका.

ठिपका हलत नव्हता.

त्या ठिपक्यात यास्मीनचा नवरा होता, तौसिफ. पट्टीचा पोहणारा, पूर आला की बचाव पथकाबरोबर धावणारा. सकाळीच पथकाची एक रबरी बोट फाटली होती. वरून नुसतं गढूळ पाणी, आणि खाली बुडालेली द्राक्षबाग, तिचे लोखंडी अँगल, ताणलेल्या तारा. माणसं पोहत परतली. आता एकच बोट उरली होती, आणि पलीकडं सीना नदीच्या पुरात मथुराबाई, तिची सून पायल आणि पायलचं तान्हं बाळ घराच्या स्लॅबवर बसलेली.

पाणी चढत होतं.

तौसिफनं सोलापूरला फोन लावून यास्मीनला एवढंच सांगितलं, "तार किधर नै, उत्ता बोल. बाकी मैं देख लेता."

यास्मीन घरबसल्या ऑनलाइन नकाशे भरणाऱ्यांच्या गटात होती. पण उपग्रहाच्या जुन्या चित्रात सगळं शिवार सारखंच हिरवं. द्राक्ष कुठं, सोयाबीन कुठं, हे गावानंच सांगायला हवं. तिनं चित्रातल्या शेतांना आकडे घातले, नकाशा गावाच्या झाडून सगळ्या ग्रुपांवर सोडला आणि विचारलं: तुमच्या रानात काय लावलंय?

उत्तरं कोसळायला लागली. छावणीतून, पुण्यातून, एक तर थेट कुवेतहून. नणंद महेजबीन वाचत होती, यास्मीन रंग भरत होती. द्राक्षाला लाल, बाकीच्याला पांढरा.

द्राक्ष.

द्राक्ष.

द्राक्ष, एक्स्पोर्टची.

रामहरी: द्राक्ष.

ताई, ह्या बांधापास्नं त्या बांधापत्तोर द्राक्षच.

शिवार लालेलाल. सुई शिरायला जागा नाही, तिथं बोट कुठून शिरणार?

"भाभी, एवढी द्राक्षं असती तर अख्खं गाव दुबईत राहिलं असतं," महेजबीन म्हणाली.

आणि यास्मीनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लोकांना हा नुकसानीचा पंचनामा वाटला होता. द्राक्षाला भरपाई जास्त, म्हणून सगळ्यांनी द्राक्षच लावली होती. तिनं घाईघाईनं खुलासा टाकला, की हा पंचनामा नाही, बोटीला वाट हवी आहे, खरं सांगा.

बरं ताई. द्राक्षच.

ठिपका जागच्या जागी. तिकडं पाणी स्लॅबला टेकलं होतं.

मग तिनं तो प्रश्नच पुसून टाकला आणि दुसरा लिहिला.

तुमच्या शेजाऱ्याच्या रानात काय आहे?

आणि मग जे सुटलं! शेजाऱ्याचं सांगायला कोण मागं राहतंय?

त्याच्यात कसली द्राक्षं, उडीद हाय.

रामहरीकडं सोयाबीन हाय, तेबी तणात बुडालेलं.

रामहरीनं बाग कवाच मोडली की. अँगलसुदा इकलं. मीच ट्रॅक्टरनं उपटून दिलं.

लाल पुसलं जात होतं, पांढरं पसरत होतं. खऱ्या बागा तेवढ्या लाल राहिल्या. त्यांच्यामधून एकच पट्टा थेट मथुराबाईच्या घरापर्यंत जात होता, आणि तो होता रामहरीच्या रानातला.

यास्मीननं रामहरीला फोन लावला. तो आपला हेका सोडेना. "द्राक्षच हायत," म्हणाला आणि फोन ठेवला.

आता? मालक म्हणतो तारा आहेत, शेजारी म्हणतात नाहीत. तिनं शेजाऱ्यांची नावं पुन्हा वाचली, महेजबीनकडून त्यांना फोन करून खात्री करून घेतली. त्यातल्या दोघांचं एकमेकांशी उभं वैर होतं. तरी दोघं एकच सांगत होते.

यास्मीननं पांढरी वाट तौसिफला पाठवली.

ठिपका हलला.

रस्त्यावरून उडदात. उडदातून रामहरीच्या बांधावर. तिथं थांबला.

बांध ओलांडला.

रामहरीच्या रानाच्या मध्यावर.

पुढं.

पुढं, पुढं, आणि घराच्या चौकोनाला चिकटला.

परतीलाही तीच वाट धरली. काठावर पोचल्यावर तौसिफनं फोन मथुराबाईच्या हातात दिला. ती धापा टाकत म्हणाली, "पोरी, रामहरीच्या रानाच्या डोक्यावरनं आलो की आमी. काय बी टोचलं न्हाय."

महेजबीन हसता हसता रडायला लागली. तेवढ्यात ग्रुपवर आणखी एक उत्तर पडलं.

रामहरी: बोट गेल्यामुळं माझ्या सोयाबीनचं लई नुकसान झालंय. नोंद घ्यावी.