कच्ची काच

मी काच बोलतेय. हिरवी, बोटाच्या दोन पेरांएवढी, तीन बाजूंनी गुळगुळीत. चौथ्या बाजूला अजून सुरीसारखी धार आहे.

मी मूळची सोड्याची बाटली. एका सहलीत रिकामी झाले आणि कुणीतरी मित्रांना आपला नेम दाखवायला मला खडकावर मारलं. नेमाचं कौतुक झालं. तुकडे उचलायला कुणी थांबलं नाही. पुढे समुद्राने मला घासलं, लोळवलं, तेही बिनपगारी.

मग मला किनाऱ्याचे रक्षक भेटले. समुद्रातली काच वेचणाऱ्यांचं हे मंडळ. अध्यक्ष एक निवृत्त भूगोलशिक्षक, सगळ्यांचे सर. नियम चोख होते. मूठभरच घ्यायची, वाळू उकरायची नाही, जिवंत शिंपल्याला हात लावायचा नाही. फक्त निळ्या काचेकडे धावताना ही मंडळी प्लॅस्टिकच्या पिशव्या अशा ओलांडत, जणू त्या दुसऱ्या मंडळाच्या अखत्यारीत येतात.

एक नियम खास माझ्यासारखीसाठी होता: कच्ची काच समुद्राला परत. सर मला उन्हात धरत, धारेवर अंगठा फिरवत, "अजून तयार नाही" म्हणत आणि भिरकावून देत. भरती मला परत आणे. सर पुन्हा नापास करत.

सरांची बायको सोबत असे, नेहमी अनवाणी. एकदा तिने त्यांचा हात धरला.

"अहो, टाकू नका. कुणाच्या तरी पायात जाईल."

"नियम आहे. समुद्राचं समुद्राला."

"समुद्र कधी सोडा प्यायला होता? कचरा आहे तो. आणा इकडे, कागदात बांधून टाकते."

सर मंडळाकडे बघून हसले. "फुटलेला कपसुद्धा ही कागदात गुंडाळते, दोरा बांधते, वर 'काच' लिहिते. कचऱ्याला पत्ता!"

"उचलणाऱ्याला बोटं असतात," ती म्हणाली.

मंडळही हसलं. मी पाण्यात गेले.

त्यानंतर सर बराच काळ दिसले नाहीत. आले ते मेहुणीसोबत. बायको गेली होती. मंडळ नव्हतं, आणि चपला त्यांनी हातात घेतल्या होत्या. मी वाळूखाली होते, धार वर.

"भाऊजी, रक्त येतंय."

सरांनी वाकून मला उचललं आणि ओळखलं. "हिला मीच टाकत होतो."

"मग टाका की परत. नियम आहे ना?" मेहुणीची जीभ बहिणीवर गेली होती.

सरांनी मला रुमालात गुंडाळलं.

घरी कपाटात वेचलेल्या काचेने भरलेल्या बरण्या ओळीने मांडलेल्या. मला वाटलं, लागली आपली वर्णी. सर मात्र लंगडत स्वयंपाकघरात गेले. वर्तमानपत्राच्या घड्यांत मला बांधलं. दोऱ्याची गाठ त्यांना जमेना. सुटली, पुन्हा मारली. मग पेन शोधून वर लिहिलं, 'काच'.

आता मी दाराबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात आहे. समुद्रातल्या काचेला रत्न म्हणणाऱ्यांना एवढंच सांगणं: माझी गुळगुळीत भावंडं मूठभर खुशाल न्या, पण धारेची दिसली तर तिला आधी उचला. ती पिकायची वाट बघू नका. तोवर लोक चालत असतात.

झाकण उघडलंय. कचरा नेणारा पुडी हातात घेऊन थांबलाय. त्याने वरचा शब्द वाचला, बोटं आपोआप कडेला सरकली.

"अक्षर बाईंचं नाही," तो म्हणाला, आणि मला अलगद गाडीत ठेवलं.