शिकलगारांचा सोपा

मित्रांनो, मी शिकलगारांच्या घराचा जुना सोपा, म्हणजे पुढची ओसरी. रस्त्यावरून पायऱ्या चढून आलात की घरातलं पहिलं पाऊल माझ्यावर पडतं. कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत मी आहे, आणि खरं सांगू, आता थकलोय.

आताचा घरधनी दस्तगीर, त्याच्या आजोबांनी मला बांधलं. काळा दगड, सागवानी खांब, खाली मातीची जमीन. इथंच ते विळ्या-खुरप्यांना धार लावायचे. निम्मी पेठ माझ्यावर बसून चहा प्यायली आहे. मोहरमला पिराचा पंजा, म्हणजे काठीवरचा धातूचा हात, माझ्या मधल्या कोनाड्यापुढं बसायचा. पण आधी शेजारच्या पाटलांच्या तानाबाईनं मला शेणानं सारवायचं, मगच पीर यायचा. हा मान तिच्या सासूपासून त्यांच्या घरात चालत आलेला. सारवण ओलं असताना मला जे बरं वाटायचं, ते पुढं कशानंच वाटलं नाही.

मग धार लावायला कुणी येईना. माझ्यावर पोती आणि मोडक्या सायकली पडून राहिल्या. छप्पर गळायचं आणि दस्तगीर नुसता बघत राहायचा. तेवढ्यात एक पर्यटन संस्था आली. 'मुस्लिम समाजाचं पारंपरिक घर' म्हणून आम्हाला दाखवायचं ठरलं. त्यांनी छप्पर दुरुस्त केलं, उपकार झाले. पण खाली चकचकीत फरशी बसवली, कोनाड्यापुढं दोरी बांधली आणि खांबांना कधी नव्हत्या त्या कमानी लावल्या. मी म्हणे पाहुण्यांना पुरेसा मुसलमान वाटत नव्हतो. आता याला काय म्हणावं!

यंदा मोहरमला तानाबाई शेणाची पाटी घेऊन आली आणि फरशी बघून थबकली.

"दस्तगीर, आता सारवू कुठं?"

"तानाक्का, ओलं काय लावायचं न्हाय म्हणत्यात," दस्तगीर खाली बघत म्हणाला. "वर्षभराचा शब्द देऊन बसलोय."

"मग पीर कुठं बसणार?"

 आतून दस्तगीरची बायको जैतुनबी आली. म्हणाली, "बिनसारवल्या जागंवर पीर बसवत न्हाईत, अक्का."

तानाबाईनं पाटी कमरेवर घेतली. "मग आमच्या सोप्यात आणा की. सारवून ठेवते. आमचं घर काय परकं हाय व्हय?"

संध्याकाळी दस्तगीर पंजा खांद्यावर घेऊन माझ्यासमोरून तिच्या घरी गेला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, बघवलंच नसेल.  त्या दिवसांत माझ्याकडं पाहुण्यांची रीघ होती. एका मुलीनं विचारलं, "मोहरमला इथं काय करतात?" गाईडनं भिंतीवरचा फोटो दाखवला. शेजारून ताशा ऐकू येत होता.

मित्रांनो, जुनी घरं जरूर जपा. छप्पर शाकारा, खांबांना तेल द्या. पण घरच्या माणसांना तिथं नांदू द्या. मी आता स्वच्छ आहे, कोरडा आहे, आणि माझ्यावर कुणी बसत नाही.