मौनपंथी सरांची पाळी

आमच्या धर्मशास्त्र विद्यालयात सात ख्रिस्ती पंथांचे सात प्राध्यापक शिकवतात. बैठकीआधी पाळीपाळीने एकेकजण आपल्या पंथाची प्रार्थना घेतो. मी तिथली लेखनिक. सामुदायिक प्रार्थना उभ्याने म्हणायची की गुडघ्यावर, हा एकच वाद अकरा वर्षं लिहून माझी बोटं झिजली.

त्या दिवशी मौनपंथी सरांची पाळी होती. त्यांच्या पंथात तोंडाने प्रार्थना म्हणत नाहीत, नुसते गप्प बसतात. "सर, करा सुरुवात," म्हणत प्राचार्यांनी कागदांतून मान वर न करताच डोळे मिटले, पाठोपाठ सगळ्यांनी मिटले. सरांची खुर्ची मात्र रिकामी होती. त्यांचा रजेचा अर्ज सकाळपासून प्राचार्यांच्याच टेबलावर पडला होता.

मी प्राचार्यांच्या कानाशी सांगायला गेले, तर त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच ओठांवर बोट ठेवलं. म्हटलं, बसा मग. दुसऱ्याच्या पंथाची प्रार्थना मध्येच तोडायची कुणाची टाप नव्हती.

पाच वाजता बैठक संपल्याची घंटा झाली तेव्हा कुठे डोळे उघडले. दोघांचे तर ओले होते. अकरा वर्षांत पहिल्यांदाच बैठक भांडणाशिवाय संपली होती. प्राचार्य रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "किती नम्र माणूस. आभार मानून घ्यायलाही थांबले नाहीत." यापुढे प्रार्थना सरांनीच घ्यावी, असा एकमताने ठराव झाला.

पुढच्या बैठकीला सर आले आणि तासभर खुर्चीत गप्प बसले. बाहेर पडताना प्राचार्य माझ्याजवळ हळूच म्हणाले, "चांगली झाली, पण गेल्या वेळेसारखी रंगली नाही."