गुंड्याचे मागचे पाय

कुत्र्याचं नाव गुंड्या पडलं ते त्याच्या करणीने. पिल्लू असताना त्याने सुनेच्या शिवणाच्या डब्यातल्या कोटाच्या गुंड्या गिळल्या आणि सगळं घर त्या बाहेर पडायची वाट बघत त्याच्या मागेमागे फिरलं. सून घरच्याच पुढच्या खोलीत लोकांचे कपडे दुरुस्त करायची. पँट आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं. सासरे छापखान्यातून निवृत्त झालेले, अबोल. सुनेशी थेट बोलायची त्यांना कधी सवयच लागली नाही. काय सांगायचं ते कुत्र्यामार्फत.

"गुंड्या, सूनबाईंना सांग, आज चहाला चव नाही."

तीही काही कमी नव्हती. "गुंड्या, मामंजींना सांग, चव जिभेला असावी लागते."

वर्षानुवर्षं हे असंच चाललं, आणि त्यात दोघांचं छान जमलं.

मग गुंड्या म्हातारा झाला. आधी मागच्या पायांची नखं फरशीवर घासल्याचा आवाज यायला लागला. पुढे पुढे उठताना मागची बाजू मागेच राहायची; पुढचे पाय निघायचे, मागचे एकमेकांत अडकायचे आणि तो बसकण मारायचा. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या कण्यावरून हात फिरवला. "मेंदूचा निरोप पायांपर्यंत नीट पोचत नाही आता. दुखत नाही फारसं, पण आपलं पाऊल कुठे पडतंय ते त्याला उमगत नाही. फरशीवर काहीतरी अंथरा, वजन वाढू देऊ नका, आणि चालवत राहा."

सासऱ्यांनी शेवटचं तेवढं मनावर घेतलं. जुना टॉवेल त्याच्या पोटाखालून घ्यायचा, दोन्ही टोकं वर धरायची आणि मागची बाजू तोलत रोज दुपारी बोळातून परसात न्यायचं, परत आणायचं. कुत्रा पुढे आणि मागे वाकलेले सासरे. हातगाडी ढकलावी तसे.

थंडी सुरू होता होता सासरे गेले. ना आजार, ना दुखणं. खुर्चीत बसले होते ते उठलेच नाहीत.

काम सुनेकडे आलं. टॉवेलने तिची कंबर धरायला लागली, तेव्हा तिने जुन्या जीन्सच्या कापडाची एक झोळी शिवली. आत मऊ अस्तर, वर लांब पट्टे, म्हणजे वाकायला नको. "मापावरून कुरकुर न करणारं हे माझं पहिलंच गिऱ्हाईक," ती नवऱ्याला म्हणाली. नवरा बस चालवायचा. दिवसभर घरी नसायचा.

एका दुपारी ती कुणाच्या तरी जाकिटाला चेन लावत होती. गुंड्या दारावरून बोळातून गेला. पाठ सरळ, मागची बाजू चांगली वर. हे लवकर आले वाटतं, असं मनात म्हणत तिने मान वर केली, आणि झोळी समोर खुंटीलाच दिसली.

ती उठून दारात आली. बोळात गुंड्या एकटाच होता. पुढचे पाय चालत होते. मागचे जमिनीला टेकतच नव्हते. वाळत घातलेल्या पायजम्यासारखे नुसते लोंबत, झुलत होते. पोटावरचे केस आडव्या पट्ट्यात दबले होते, कुणी फडकं घट्ट धरावं तसे. तो परसात गेला, थांबला, त्याचं उरकलं, वळला, परत आला. आपल्या गोधडीपाशी तो बसला नाही. त्याला खाली ठेवलं गेलं, हलकेच, आधी मागची बाजू.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं.

"अगं, म्हाताऱ्या जनावरात एकेकदा बळ येतं," तो म्हणाला. "आणि दिवसभर सुईत डोळे घालून बसतेस, दमतात ते."

सुट्टीच्या दिवशी तो मुद्दाम बोळात खुर्ची टाकून बसला. त्या दिवशी गुंड्या जागचा हलला नाही. पुन्हा तिने विषय काढला नाही.

डॉक्टरीणबाईंकडे नखं कापायला नेलं, तेव्हा त्यांनी मागचा पंजा उचलून निरखला. "याला चालवत नाही का तुम्ही? नखं झिजायच्या ऐवजी वाढलीत. बोटांवरचं खरचटलेलंही भरलंय."

"चालतो की. रोज चालतो."

"कुणाच्या हातावर?"

"घरच्यांच्या," ती म्हणाली.

खोटं कशाला बोला, सुरुवातीला तिला भीती वाटली नाही. कंबरेला आराम पडला होता. आणि म्हाताऱ्याचा जीव कुत्र्यात गुंतला होता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण फेऱ्या लांबत चालल्या. आधी परसापर्यंत, मग फाटकापर्यंत. मग फाटकाची कडी आपोआप निघायला लागली. गुंड्या उशिरा परतायचा. बाहेर लख्ख ऊन, आणि त्याचं पोट हाताला गारढोण लागायचं. शेपटीत गवताची कुसळं असायची; गल्लीत तर गवताची काडी नव्हती. संध्याकाळी तो दाराकडे तोंड करून पडायचा आणि खाणं अर्धं टाकायचा.

शेवटी एकदा ती मागोमाग निघाली. जेवणाची वेळ, दुकानं अर्धी बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. वरच्या मजल्यावर चादर वाळत घालणारी शेजारीण ओरडली, "अहो, बरा झाला की तुमचा कुत्रा! चांगला पळतोय!"

तिने नुसता हात हलवला. वरून मागचे पाय दिसत नसणार.

गल्ली संपते तिथे पडीक मैदान आहे. कमरेएवढं वाळलेलं गवत, पलीकडे काय ते इकडून दिसत नाही. गुंड्या त्या गवतात शिरला. वारा पडलेला होता. गवत दोन ठिकाणी दुभंगत होतं: पुढे कुत्र्याच्या अंगाएवढं, आणि त्याच्या मागे एका माणसाएवढं.

"गुंड्या!"

पुढचे पाय थांबले. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, कान पाडले, पण वळता येईना. मागची बाजू तशीच अधांतरी होती.

इतक्या वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते तिने केलं. कुत्र्याला मध्ये न घेता बोलली.

"मामंजी, त्याने आज सकाळी वाटी चाटूनपुसून खाल्ली. दारात कुणी आलं की अजून भुंकतो. एवढ्यात नका नेऊ त्याला."

गवत हललं नाही.

"तिकडे तुम्हाला करमत नसेल. कळतं मला. पण तो अजून आमचा आहे. त्याची वेळ झाली की मी आडवी येणार नाही."

मग गुंड्याची मागची बाजू सावकाश खाली आली, आणि पाय कसेतरी दुमडून तो गवतात बसला. तिने त्याला छातीशी धरून उचललं. जड होता. घरापर्यंत तीन-चारदा टेकवावं लागलं, पण तिने मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर तो एकटा चालला नाही. ती रोज झोळी लावून त्याला परसात नेई, कंबर धरून परत येई. नखं पुन्हा फरशीवर घासायला लागली. बोटांना खरचटायला लागलं, तेव्हा तिने त्याला चामड्याचे छोटे मोजे शिवले. एक त्याने चावून टाकला.

उन्हाळा तोंडावर आला, तेव्हा गुंड्याने खाणं सोडलं. पाणीही घेईना. डॉक्टरीणबाई घरी आल्या, मान हलवली आणि इंजेक्शन भरलं. सुनेने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. नवरा पाठमोरा उभा होता. बाप गेला तेव्हा न रडलेला तो माणूस लहान मुलासारखा हमसून रडला. परसातल्या भिंतीलगत त्यांनी गुंड्याला पुरलं.

दुपारी नवरा कामावर गेला. गिऱ्हाइकाला पडदे द्यायचे होते, म्हणून ती मशीनवर बसली. मान खाली घालून पायडल मारत होती. दारावरून, बोळातून परसाकडे कुणीतरी घाईघाईने गेल्यासारखं वाटलं. तिने वर पाहिलं नाही. बॉबिनमधला दोरा केव्हाच संपला होता. सुई पडद्याला नुसती भोकं पाडत पुढे सरकत होती, आणि ती मशीन चालवत राहिली.