भिंतीकडे तोंड केलेला आरसा

मित्रांनो, वीतभर उंचीचा, निळ्या प्लास्टिकच्या चौकटीतला जुना आरसा मी. माझ्या एका कोपऱ्यातला पारा उडाला आहे. पेणच्या बाजारातून मला नम्रताने आणलं, पण स्वतःचं तोंड बघायला नाही.

हमरापूरच्या कारखान्यात ती गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायची. दुसरा डोळा पहिल्याच्या जोडीचा झाला की नाही, हे सरळ बघून कळत नाही. आरशात उलटं दिसलं की वर गेलेला डोळा लगेच सापडतो. ती मला मूर्तीसमोर धरायची, मान तिरकी करायची आणि पुन्हा ब्रश उचलायची. मालक तिचं कौतुक करायचे. त्यातलं थोडं मी माझं समजायचो.

मग महामार्गावर तिच्या नवऱ्याची, नितेशची, मोटारसायकल घसरली. त्याला खरचटलं, मागे बसलेल्या हिच्या मेंदूला मार बसला. दोन महिन्यांनी ती घरी आली ती अशी, की डोळे उघडे, पण हाकेला ओ नाही आणि हातात बोट दिलं तर धरणं नाही. आजाऱ्याला आरसा दाखवू नये, म्हणून सासूबाई हौसाआजींनी मला भिंतीकडे तोंड करून टांगलं.

तिथून फक्त ऐकू यायचं. आधी सगळे कुजबुजायचे, मग मोठ्याने बोलू लागले. शेजारची शकू म्हणाली, हिच्यापेक्षा कुंडीतलं झाड बरं, वाऱ्याने हलतं तरी. हौसाआजी म्हणायच्या, "सुटली तर बरी गो." त्या दुष्ट नव्हत्या. रोज तिला पुसून काढताना त्यांची कंबर मोडायची. चार वर्षांच्या लेकीला, सुरभीला, मामाकडे रोह्याला कायमचं ठेवायचं, हेही नम्रताच्या खाटेशेजारीच ठरलं. "आईला कुठं कळतंय?" नितेश म्हणाला. सुरभीची पिशवी भरली.

सुरभी जायच्या आदल्या सकाळी व्यायाम घेणाऱ्या समीक्षाताई पहिल्यांदा आल्या. त्यांनी बोट फिरवलं, विजेरी फिरवली. पण नजर जागची हलत नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी आरसा मागितला. आजी म्हणाल्या, "आजाऱ्याला दाखवत नाय." ताईंनी मला तरीही काढलं, पदराने पुसलं आणि नम्रतासमोर धरून हळूहळू डावीकडे नेलं.

तिची नजर माझ्याबरोबर आली.

एकदा योगायोग असू शकतो, म्हणून ताईंनी मला चार वेळा फिरवलं. तीन वेळा ती आली. ताई म्हणाल्या, याचा अर्थ ती बरी झाली असा नाही. किती कळतं, तेही सांगता येत नाही. उद्या कदाचित डोळे हलणारही नाहीत. पण आत कुणी नाही, असं आता धरू नका.

नितेश बाहेर जाऊन उभा राहिला. हौसाआजींनी हळूच विचारलं, "म्हंजे आम्ही हितं बोलायचो, ते?"

ताईंनी मला परत खिळ्याला टांगलं, या वेळी तोंड खाटेकडे करून.

मित्रांनो, कुणी बोलत नाही म्हणून त्याला ऐकू येत नाही असं समजू नका. ऐकलेलं पुसता येत नाही. मी आरसा आहे, माझ्यावर काही टिकत नाही, पण माणूस तसा नसतो.

दुपारी हौसाआजी सुरभीला घेऊन खाटेवर बसल्या. "नम्रता, गो, पोरीला धाडू का नको?"

नम्रताचे डोळे छताकडेच राहिले. मग आजींनी उठून सुरभीचे कपडे पिशवीतून काढले आणि एकेक घडी पुन्हा फळीवर ठेवली.